ज्याच्या हाती घाणा, त्याच्या हाती शब्बाथ

अष्टागरात तेल्यांची ओळख वाराने होत असे. आमचे घराणे सोमवार तेल्यांचे. सोमवार महादेवाचा, म्हणून नंदीचाही. त्या दिवशी बैल घाण्याला जुंपायचा नाही, असा घरचा नेम होता. वाडीच्या दुसऱ्या टोकाला ज्यांचा घाणा होता ते शनिवार तेली. त्यांचा घाणा शुक्रवारी दिवस मावळायच्या आत थांबे आणि शनिवारी संध्याकाळी चांदण्या दिसू लागेपर्यंत हलत नसे. दोघांच्या घाण्यात फिरणारी लाकडी लाट सारखी, तेल सारखे, पेंडीचा वासही सारखाच. गावाने दोघांत फरक केला तो बंद दिवसावरून.

शनिवार तेली म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. माणसांना त्यांच्या कामावरून नाव पडते: सुतार, लोहार, कुंभार, तेली. इथे मात्र नावाचा अर्धा भाग कामाचा आणि अर्धा भाग काम बंद ठेवण्याचा आहे. त्या दुसऱ्या अर्ध्या भागात एक हिब्रू शब्द उभा आहे. नाव देणाऱ्या शेजाऱ्यांना तो ठाऊक नव्हता, आणि ज्यांना नाव मिळाले त्यांच्याकडेही कित्येक पिढ्या हिब्रूचे पुस्तक नव्हते. तो शब्द म्हणजे शब्बाथ. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. निवृत्तीनंतर अलिबागच्या इस्राएल आळीतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे बसून हिब्रूची अक्षरे गिरवली, ती मुख्यतः या एका शब्दासाठी. लहानपणापासून शेजारी पाहिलेली गोष्ट मला तिच्या मूळ भाषेत वाचायची होती.

हिब्रू शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. शब्बाथचा धातू शीन, बेत, ताव: शाबत. त्याचा अर्थ आपण सहज ‘विश्रांती घेणे’ असा सांगतो. बायबलात हे क्रियापद जिथे जिथे येते ती स्थळे एकामागून एक वाचत गेले की निराळा अर्थ वर येतो. इस्राएल लोक कनान देशात पोहोचतात, तिथल्या धान्याचे अन्न खातात आणि दुसऱ्या दिवसापासून आकाशातून पडणारा मान्ना बंद होतो. यहोशवाच्या पुस्तकात तिथे हेच क्रियापद आहे. मान्ना काही दमला नव्हता, तो थांबला. ईयोबाचे तीन मित्र त्याला उत्तरे देता देता शेवटी बोलायचे थांबतात, तिथेही हेच. जलप्रलयानंतर देव नोहाला वचन देतो की पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन, दिवस आणि रात्र यांचे चक्र यापुढे खंडित होणार नाही. ‘खंडित होणे’ यासाठीही शाबत. यरुशलेम पडल्यावर लिहिलेल्या विलापगीतात वेशीवर बसणारे वडीलधारे दिसेनासे झाले, मनातला आनंद आटला असे सांगताना कवी याच क्रियापदाकडे जातो.

शाबत म्हणजे चालू असलेली गोष्ट बंद पडणे. त्यात थकव्याचा किंवा झोपेचा उल्लेख नाही. विश्रांतीसाठी हिब्रूत वेगळा धातू आहे, नूआख. नोहाचे नाव त्याच्याशी जोडले जाते.

या क्रियापदाचे प्रयोजक रूपही आहे: थांबायला लावणे, बंद पाडणे. निर्गमच्या पुस्तकात मोशे आणि अहरोन फारोपुढे उभे राहतात आणि लोकांना रानात जाऊन सण करू द्या अशी मागणी करतात. फारोचा राग या रूपातून बाहेर पडतो. तुम्ही यांना कामावरून थांबवता आहात, हा त्याचा आरोप. विटा थापणाऱ्या गुलामांचे काम बंद पडले तर राज्याचे काय, ही त्याची चिंता. शब्बाथाची आज्ञा अजून पुढे यायची आहे. त्याआधीच त्या शब्दाच्या धातूवरून मालक आणि गुलाम यांच्यात भांडण उभे राहिले आहे.

त्याच पुस्तकात वल्हांडणाच्या सणासाठी घरातले खमीर नाहीसे करा असे सांगताना पुन्हा हेच प्रयोजक रूप येते. कोकणातल्या बेने इस्राएलांनी या सणाला मराठी नाव दिले होते, अनाशी ढाकाचा सण. आंबट कालवणाचे मडके आठ दिवस झाकून ठेवायचे, ही त्यामागची रीत. आंबवण त्या दिवसांपुरते थांबवायचे, एवढी आठवण त्यांनी जपली. धातू माहीत नसताना त्याचा अर्थ स्वयंपाकघरात टिकून राहिला.

आता नामाकडे येऊ. सृष्टी निर्माण करून देव सातव्या दिवशी थांबला ही कथा सर्वांना माहीत आहे. पण त्या कथेत शब्बाथ हे नाम येत नाही, फक्त क्रियापद येते. नाम प्रथम येते ते रानात, मान्नाच्या प्रसंगी. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करा, सातव्या दिवशी बाहेर पडू नका, कारण त्या दिवशी काही मिळणार नाही. काही जण तरीही गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. म्हणजे शब्बाथाची पहिली गोष्ट ही रोजच्या अन्नाची गोष्ट आहे. एक दिवस गोळा केले नाही तरी आपण उपाशी मरणार नाही, हा विश्वास आधी शिकायचा होता.

मग दहा आज्ञा. त्या बायबलात दोनदा दिल्या आहेत आणि शब्बाथाचे कारण दोन्ही ठिकाणी वेगळे आहे. निर्गममध्ये सुरुवातीचा शब्द आहे ‘झाखोर’, स्मरण ठेव. कारण देवाने सहा दिवसांत सृष्टी केली. अनुवादाच्या पुस्तकात शब्द आहे ‘शामोर’, पाळ. कारण तू मिसर देशात गुलाम होतास. पहिले कारण देवाच्या कृतीचे, दुसरे माणसाच्या आठवणीचे. दोन्हीकडे यादी जवळपास एकच: तू, तुझा मुलगा, मुलगी, चाकर, दासी, तुझी जनावरे, तुझ्या वेशीतला परका. अनुवादात बैल आणि गाढव यांची नावे घेऊन उल्लेख आहे, आणि चाकराला तुझ्यासारखाच विसावा मिळावा असेही बजावले आहे. आज्ञा घराच्या धन्याला उद्देशून आहे. बाकी सगळे त्याच्या शब्दावर चालणारे किंवा थांबणारे.

हे सर्वांत स्वच्छ दिसते ते निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात. एकाच वाक्यात तीन क्रियापदे आहेत. सातव्या दिवशी तू काय करायचेस? शाबत: थांबायचेस. कशासाठी? तुझा बैल आणि तुझे गाढव यांनी नूआख करावे, म्हणजे विसावावे. आणि दासीच्या मुलाने व परक्याने काय करावे? तिथे तिसरे क्रियापद येते, ‘नेफेश’ या नामाशी नाते सांगणारे. नेफेश म्हणजे जीव, प्राण, श्वास. त्यांनी श्वास घ्यावा. थांबणे धन्याचे, विसावा बैलाचा, श्वास राबणाऱ्याचा. हिब्रू शिकताना या वाक्याशी मी पोहोचलो तेव्हा गुरुजींनी वही मिटायला सांगितली. ते म्हणाले, “मास्तर, आज पुढे नको. हेच पुन्हा वाचा.”

मला आमच्या वाडीतला एक शनिवार आठवला. आमचा बैल पायाने अधू झाला होता आणि एका गिऱ्हाइकाला तीळ गाळून द्यायचे होते. वडील शनिवार तेल्यांच्या आबांकडे गेले, मी मागोमाग.

“आबा, तुमचा बैल आज गोठ्यातच आहे. चार घाण्या काढून संध्याकाळी आणून बांधतो.”

आबा ओट्यावर बसले होते. “आप्पा, तेल हवं तर माझ्या डब्यातलं ने. पैशाचं मागाहून बघू. बैल मात्र आज देता येत नाही.”

“तुम्हाला थोडंच काम करायचं आहे? जुंपणार मी.”

“तू जुंप नाही तर मी जुंप, बैलाला काय फरक? त्याचाही शनिवार आहे. उद्या पहाटे ने.”

वडिलांनी दुसरा शब्द काढला नाही. सोमवारी कोणी आमचा बैल मागितला असता तर त्यांनीही हेच सांगितले असते. आबांना हिब्रू येत नव्हते. निर्गमचा तेविसावा अध्याय त्यांनी वाचला असेल तर मराठीत. पण त्या वाक्यातली तिन्ही क्रियापदे त्यांना कळली होती.

शब्बाथ पाळणे कधीच सोपे नव्हते, याचा पुरावा बायबलातच आहे. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला आमोस संदेष्टा त्या धान्यव्यापाऱ्यांवर चिडतो, जे शब्बाथ कधी संपतो आणि आपण गहू विकायला कधी बसतो याची वाट पाहतात आणि मापात खोट ठेवतात. पाचव्या शतकात इराणी बादशहाचा अधिकारी म्हणून यरुशलेमला आलेला नहेम्या शब्बाथच्या दिवशी द्राक्षकुंडांत लोक द्राक्षे तुडवताना पाहतो. गाढवांवर धान्य, द्राक्षे, अंजिरे लादून शहरात येतात. सोर नगराचे व्यापारी मासे आणून विकतात. नहेम्या उन्हे उतरताच वेशी बंद करवतो आणि पहारा बसवतो. व्यापारी एकदोनदा कोटाबाहेर मुक्काम करतात. तो त्यांना दम भरतो, मग ते त्या दिवशी यायचे बंद होतात.

मातीच्या खापरांवर राहिलेले पुरावे तर अधिक बोलके. 1960 मध्ये याव्ने-याम जवळच्या एका जुन्या गढीत इसवी सनापूर्वी सातव्या शतकातले एक खापर सापडले. त्यावर एका कापणी करणाऱ्या मजुराची तक्रार शाईने लिहिली आहे. मी माझे माप पुरे केले, धान्य साठवले, तरी मुकादमाने माझे वस्त्र काढून नेले. ते मला परत मिळावे. आपले काम केव्हा पुरे केले हे सांगताना तो म्हणतो, ‘शबत’पूर्वी. याचा अर्थ ‘शब्बाथापूर्वी’ की नुसतेच ‘काम थांबण्यापूर्वी’, यावर अभ्यासक वाद घालतात. मला त्या मजुराच्या लेखी हे दोन अर्थ फार वेगळे नसावेत असे वाटते. नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावर इराणी सैन्यात यहुदी शिपाई राहत. तिथल्या खापरांवर अरामी भाषेतल्या चिठ्ठ्या आहेत. एकीत भाजीपाला घेऊन येणाऱ्या होडीला उद्या शब्बाथच्या दिवशी सामोरे जा, माल वाया जाऊ देऊ नका, असे निकडीने सांगितले आहे. त्याच वस्तीत शब्बताय हे मुलांचे नाव ठेवलेले आढळते. एकीकडे मुलाला त्या दिवसाचे नाव, दुसरीकडे त्याच दिवशी भाजीची होडी. पोट आणि नेम यांची ओढाताण तेव्हाही आजच्यासारखीच होती.

शब्बाथच्या उगमाविषयी एक तर्क बाबिलोनकडे जातो. तिथे शपत्तू म्हणजे महिन्याचा पंधरावा, पौर्णिमेचा दिवस. बायबलातही अमावास्येनंतरचा नवा चंद्र आणि शब्बाथ यांची जोडी काही ठिकाणी येते. नाते असेलही. पण दर सातव्या दिवशी, चंद्राची कला न पाहता थांबायचे ही रीत हिब्रू परंपरेनेच घट्ट रुजवली. हिब्रूत आठवड्याच्या बाकीच्या वारांना नावे नाहीत: पहिला दिवस, दुसरा दिवस, असे मोजत सहाव्यापर्यंत जायचे. नाव फक्त सातव्याला. आपण शनी या ग्रहावरून वाराला शनिवार म्हणतो. हिब्रूत उलट, वारावरून ग्रहाला शब्बताय म्हणतात. अरबी सब्त, रशियन सुब्बोता, स्पॅनिश साबादो हे सगळे शनिवारचे शब्द त्याच एका नामातून निघाले.

तेल्याच्या मुलाला ज्या ग्रंथात खरे घर सापडते तो म्हणजे मिश्ना. इसवी सन 200 च्या सुमारास यहुदी धर्मशास्त्राच्या तोंडी परंपरेचा हा संग्रह पक्का झाला. त्यातल्या शब्बाथवरच्या प्रकरणात त्या दिवशी वर्ज्य अशी 39 कामे सांगितली आहेत: नांगरणे, पेरणे, कापणे, मळणे, दळणे, विणणे, विस्तव पेटवणे आणि विझवणे अशी. फळ पिळून रस किंवा तेल काढणे हे मळणीच्या पोटात धरतात. त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला एक सवलत येते. शम्माय आणि हिल्लेल या दोन पंडितांच्या शिष्यांचे अनेक बाबतींत पटत नसे. पण एका गोष्टीवर ते एकमत होते: शुक्रवारी उजेड असताना ऑलिव्हच्या घाण्यावर तुळई चढवून ठेवायला हरकत नाही.

त्या घाण्याची रचना पाहिली की सवलत समजते. ऑलिव्ह आधी दगडाखाली चेचत, मग लगदा टोपल्यांत भरून टोपल्या एकावर एक रचत. त्यांवर लांब तुळई टेकवून तिच्या टोकाला दगडांचे वजन बांधत. मग माणूस घरी गेला तरी रात्रभर तेल ठिबकत राही. शुक्रवारी वजन बांधले, शब्बाथभर ठिबकले, शनिवारी रात्री भरून घेतले. कोकणातल्या घाण्याला ही सोय नाही. आमच्या उखळीत तीळ किंवा खोबरे घातले तरी लाट फिरल्याशिवाय थेंब निघत नाही, आणि डोळ्यांवर झापड बांधलेला बैल गोल चालल्याशिवाय लाट फिरत नाही. ज्या दिवशी बैल सुटला त्या दिवशी तेल नाही. कोकणात शब्बाथ पाळणाऱ्याला धर्मशास्त्राने दिलेली पळवाट त्याच्या अवजाराने बंद केली होती. त्याला पूर्ण थांबावे लागे, आणि पूर्ण थांबला म्हणूनच तो गावाच्या नजरेत भरला.

मिश्नाच्या त्याच प्रकरणात शब्बाथच्या दिव्यात कोणते तेल घालावे याची चर्चा आहे. रब्बी तार्फोन फक्त ऑलिव्हचे तेल मान्य करतात. इतर पंडित सगळ्या तेलांना मोकळीक देतात आणि यादी सांगतात: तिळाचे, अक्रोडासारख्या कवचफळांचे, मुळ्याच्या बियांचे, माशांचे. पुढे मिश्नावरची चर्चा असलेल्या तालमूदमध्ये एक रब्बी कळकळीने विचारतो की ज्यांच्याकडे तिळाच्या तेलावाचून दुसरे तेलच नाही, त्या बाबिलोनच्या लोकांनी काय करायचे? हा प्रश्न अलिबाग, पेण, रोहा, म्हसळ्याच्या घरांनाही लागू होता. जिथे जे तेल निघते त्याने दिवा लावा, हे उत्तर कोकणच्या तेल्यांनी न वाचताच अमलात आणले होते.

बेने इस्राएल कोकणात कधी आले याविषयी त्यांची स्वतःची परंपरा आहे. नवगावजवळ जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरले. ग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्यांनी किनाऱ्यावरच्या गावांत तेलाचा धंदा धरला आणि गावांवरून आडनावे घेतली: किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, चौलकर, अष्टमकर. इतिहासकार काळाविषयी वेगवेगळे अंदाज मांडतात. लेखी उल्लेख मात्र पक्का आहे. कोचीनचे व्यापारी एझेकिएल राहाबी यांनी 1768 मध्ये नेदरलँड्समधल्या एका यहुदी गृहस्थांना पत्र लिहिले. त्यात मराठ्यांच्या मुलखातल्या या लोकांची माहिती आहे: तेलाचे घाणे चालवतात, काही शिपाईगिरी करतात, ‘शमा’ ही प्रार्थना तेवढी जाणतात आणि शब्बाथच्या दिवशी काम बंद ठेवतात.

‘शमा’ म्हणजे ऐक. शब्बाथ म्हणजे थांब. ग्रंथ गेले, भाषा गेली, पुरोहित नव्हते, यरुशलेम कोणत्या दिशेला याचीही खात्री नव्हती. त्या समाजाजवळ उरले ते ऐकणे आणि थांबणे. यापेक्षा कमी घेऊन कोणी धर्म टिकवला असेल असे मला वाटत नाही.

सणांची नावे त्यांनी मराठीत घडवली: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण. सातव्या दिवसासाठी वेगळे नाव घडवावे लागले नाही. शेजाऱ्यांचा शनिवार पुरेसा होता. पुढे नाव परत आले ते अनेक वाटांनी. कोचीनहून शिक्षक आले, त्यांनी हिब्रू प्रार्थना शिकवल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत अधिकारी असलेल्या सॅम्युएल एझेकिएल दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत मांडवीला पहिले प्रार्थनामंदिर बांधले. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत. मस्जिद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये या समाजासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. अलिबागला 1848 मध्ये आणि पनवेलला 1849 मध्ये प्रार्थनामंदिरे उभी राहिली. घाणा थांबत होताच. आता त्या थांबण्याला शब्बाथ हे नाव, शुक्रवारच्या संध्याकाळी म्हणायची किद्दूश ही प्रार्थना आणि काळ्या मनुका भिजवून गाळलेले सरबत मिळाले. द्राक्षांच्या दारूऐवजी हे सरबत ही कोकणी रीत, ती आजही चालते.

नेमक्या याच काळात दुसरी गोष्ट घडली. बेने इस्राएल गाव सोडून निघाले: पलटणीत, रेल्वेत, टपालात, कचेऱ्यांत, इस्पितळांत, शाळांत. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1897 मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेला. शिकलेल्या मुंबईकर बेने इस्राएलांना शनिवार तेली हे नाव कमीपणाचे वाटू लागले होते, कारण जातीच्या उतरंडीत तेल्याची पायरी खालची. मला त्यांचा राग समजतो. तेली म्हणून बोट दाखवणे आम्हीही सोसले. पण त्या नावात एक सत्ता होती, ती मुंबईत गमावली गेली. गावातला तेली आपल्या घाण्याचा धनी होता. शनिवारी थांबायचे की नाही हे तो ठरवत असे. कचेरीतल्या कारकुनाला शनिवारी हजेरी लावावीच लागे. ग्रंथ नसताना ज्यांनी शब्बाथ पाळला, त्यांच्याच नातवंडांना हातात मराठी-हिब्रू प्रार्थनापुस्तक असताना तो पाळणे अवघड झाले. निर्गमच्या त्या वाक्यात थांबण्याची आज्ञा धन्याला का केली आहे, हे इथे कळते. चाकराला आज्ञा करून उपयोग नसतो. थांबणे त्याच्या हाती नसते.

मुंबईतच याचा दुसरा धडा मिळाला, तोही एका मराठी माणसाकडून. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली. रविवार खंडोबाचा, म्हणून रविवारी सुट्टी द्या, हा त्यांचा एक मुद्दा होता. मालकांनी ती 10 जून 1890 रोजी मान्य केली. कोकणातला घाणा बैलाच्या धन्याने थांबवला, गिरणी कामगारांनी झगडून थांबवायला लावली. हिब्रू व्याकरणाने बोलायचे तर पहिले साधे रूप, दुसरे प्रयोजक.

आधुनिक हिब्रूत संपाला ‘श्विता’ म्हणतात. धातू तोच, शाबत. 1948 नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने त्यांच्या विवाहांसाठी वंशावळीची चौकशी करण्याचे आदेश दिले. यहुदीपणावर असा संशय घेतला गेला तेव्हा या लोकांनी यरुशलेममध्ये ठाण मांडले. 17 ऑगस्ट 1964 रोजी इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले आणि त्या महिन्याच्या अखेरीस ते आदेश बदलले गेले. ज्यांच्या पूर्वजांना दुनियेने शब्बाथमुळे ओळखले, त्यांनी आपला हक्क मिळवला तो त्याच धातूच्या दुसऱ्या फांदीला, म्हणजे संपाला, धरून.

महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. आता रायगडात मोजकीच घरे उरली आहेत. आमच्या वाडीत एकही घाणा चालत नाही, ना सोमवार तेल्यांचा ना शनिवार तेल्यांचा. म्हणून हे लिहून ठेवणे मला कर्तव्य वाटते. रायगड जिल्ह्यात ज्यांच्या घरी जुन्या घाण्याची लाट, हिशेबाच्या वह्या किंवा शनिवार तेल्यांच्या आठवणी असतील त्यांनी त्या लिहून काढाव्यात आणि अलिबाग, रेवदंडा, पनवेल, पेण इथली प्रार्थनामंदिरे सांभाळणाऱ्या मंडळींपर्यंत पोहोचवाव्यात. जुन्या माणसांच्या तोंडचे शब्द त्यांच्याबरोबर जातात.

आणि शब्बाथचा अर्थ कोणी विचारला तर ‘विश्रांतीचा दिवस’ एवढेच सांगून थांबू नका. तो दिवस आधी धन्याचा आहे, कारण थांबवणे त्याच्या हाती आहे. आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाई, दारात सामान पोहोचवणारा मुलगा, गाडी चालवणारा माणूस, इमारतीचा रखवालदार यांच्या बाबतीत आज आपण धनी आहोत. त्यांच्या आठवड्यात एक दिवस असा आहे का, हा प्रश्न त्यांना विचारायचा नाही. तो आपण स्वतःला विचारायचा आहे.